घरांतलीं यंत्रें : दोष कोठें आहे?

पूर्वीं घरांतील मोलाची वस्तु कोठें असते, हें घरांतल्या पोरासोरांसही ठाऊक असे. दागिने तिजोरींत, दस्तऐवज माडीवरच्या शिसवी पेटींत, आणि पोथ्या लाल रुमालांत बांधून देवघराशेजारच्या फडताळांत. त्या जागांना एक प्रकारचा मान होता. पेटीवर कोणी पाय देत नसे आणि पोथीला ओला हात लावीत नसे. आतां तीच मालमत्ता, म्हणजे कागदपत्रें, छायाचित्रें, लग्नामुंजींचीं चित्रणें, मुलांचीं प्रशस्तिपत्रें, पंचांगाहूनही लहान अशा एका काळ्या डबींत मावते. आणि ती डबी असते कोठें? संगणकाच्या मेजावर, चहाच्या कपाला खेटून, आणि तिची दोरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत! बाहेरून लावावयाची हार्ड डिस्क म्हणतात ती हीच.

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांत या डबीविषयींच्या तक्रारी पुष्कळ आहेत. एक गृहस्थ लिहितात, डिस्क लावली कीं दिसते आणि घटकाभरानें आपोआप नाहींशी होते. एक भगिनी लिहितात, डिस्क लावतांच संगणक ‘फॉर्मॅट करा’ म्हणून हट्ट धरून बसतो. तिसरे एक वाचक लिहितात, आंतून टक्‌टक् असा आवाज येतो. प्रश्न मात्र सर्वांचे तेच दोन : डिस्क बिघडली आहे काय, आणि दुरुस्तीस किती खर्च येईल?

माझें नम्र म्हणणें असें कीं, हे दोन्ही प्रश्न दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न असा पाहिजे : आंत जें कांहीं आहे, त्याची दुसरी प्रत कोठें आहे काय? उत्तर ‘आहे’ असें असेल, तर डिस्कचें काय होईल तें होवो. फार तर पैशाची हानि आहे. उत्तर ‘नाहीं’ असें असेल, तर दुरुस्तीचा विचार मागें सारून प्रत करण्याचा विचार पुढें आणला पाहिजे. हा क्रम मी केवळ पुस्तकांत वाचून सांगत नाहीं. गेल्या श्रावणांत आमच्या घराला तो किंमत देऊन शिकावा लागला. आणि शिकवणारी माझी सून होती, शिकणारा मी.

आमचें घर सांगलीच्या जुन्या वस्तींतलें. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णामाई घरांत शिरली, तेव्हां माडीखालचें सर्व कांहीं पाण्यांत गेलें. आजोबांच्या वेळचे मोडी कागद, जमिनीचे उतारे, वडिलांच्या हस्ताक्षरांतल्या वह्या, सगळ्यांचा लगदा होण्याच्या बेतास आला होता. पाणी ओसरल्यावर आम्ही ते कागद वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून सावलींत वाळविले, आणि सूनबाईनें तीन महिने खपून त्यांतले वाचण्याजोगे सर्व स्कॅन करून या डिस्कमध्यें भरले. त्याच डिस्कमध्यें दुसरीही एक ठेव होती. माझ्या मातोश्रींना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. २०१८ सालीं सूनबाईनें दुपारच्या वेळीं त्यांच्यापाशीं बसून मोबाइलवर त्या मुद्रित केल्या. अशा एकंदर बावीस फाइली होत्या. पुढें तो मोबाइल निकामी झाला, आणि दोन वर्षांनीं मातोश्रीही गेल्या. त्यानंतर त्यांचा आवाज या जगांत त्या एका डबींतच उरला.

“बाबा, आणखी एक डिस्क घेऊन त्यावर हें सगळें उतरवून ठेवूं या,” असें सूनबाई दोनदां म्हणाली होती. दोन्ही वेळां मीं तिला काटकसरीचे चार शब्द सांगितले. एक वस्तु नीट असतांना तीच दुसरी कशाला, हा माझा युक्तिवाद. चाळीस वर्षें मुलांना तर्कशुद्ध विचार शिकविणाऱ्या माणसाचा हा तर्क होता, हें येथें नमूद करून ठेवतों.

मातोश्रींच्या श्राद्धतिथीला आठ दिवस उरले होते. त्या दिवशीं सर्वांनीं मिळून ओव्या ऐकाव्या, अशी थोरल्या वहिनींची इच्छा. म्हणून मीं संगणक सुरू केला, डिस्क लावली, आणि पडद्यावर सूचना आली कीं, ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉर्मॅट करणें आवश्यक आहे; करावयाची काय? मी चष्मा पुसून ती पुन्हां वाचीत आहें तोंच धाकटा पुतण्या शेजारीं येऊन उभा राहिला. “काका, तो म्हणतो आहे तर करून टाका ना. फॉर्मॅट केल्यावर व्यवस्थित चालेल,” असें म्हणून त्यानें माउसला हात घातला. स्वयंपाकघराच्या दारांतून सूनबाईनें तें ऐकलें आणि ओल्या हातांनींच धांवत येऊन म्हणाली, “भाऊजी, हात काढा! बाबा, कांहींच दाबूं नका.”

तिच्या त्या एका वाक्यानें काय वांचलें, हें समजण्यासाठीं ही डबी आंतून कशी असते, तें थोडें पाहूं.

हार्ड डिस्कचें कूळ फार जुनें नाहीं. पहिलें असें यंत्र आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं अमेरिकेंत विक्रीस आणलें. त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवाढव्य कपाटांत अवघीं पन्नास लाख अक्षरें मावत. आजच्या खिशांतल्या डिस्कमध्यें त्याच्या लाखों पट मावतें. परंतु मूळ युक्ति तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी गरगर फिरते, आणि एका लहान दांडीच्या टोंकास बसविलेलें वाचकाग्र तिच्यावरून सरकत लिहितें व वाचतें. घरगुती डिस्कमधील तबकडी बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. तें वाचकाग्र तबकडीस टेकत नाहीं. फिरण्यानें उत्पन्न होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तें तरंगतें. दोहोंमधील अंतर कांहीं नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी. अशा स्थितींत डबीला धक्का बसला, किंवा आंत धुळीचा कण गेला, तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको. म्हणून डिस्क चालू असतांना उचलूं नये, आणि घरीं ती कधींही उघडूं नये.

आतां ‘फॉर्मॅट’ म्हणजे काय? ग्रंथाला जशी अनुक्रमणिका असते, तशी डिस्कलाही असते. कोणती फाइल कोणत्या जागीं आहे, हें तींत लिहिलेलें असतें. ही अनुक्रमणिका संगणकास वाचतां आली नाहीं, कीं डिस्क कोरी आहे असें समजून तो ती नव्यानें आंखूं पाहतो. ग्रंथ शाबूत असतो, परंतु अनुक्रमणिकेचें पान जीर्ण झालें म्हणून ग्रंथच रद्दींत घालण्यापैकीं हा प्रकार आहे. झटपट फॉर्मॅटनें ही यादी पुसली जाते. आणि सावकाशीचें पूर्ण फॉर्मॅट विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत सर्व जागेवर शून्यें लिहीत जातें, मग कोणत्याही तज्ज्ञाच्या हातीं कांहीं उरत नाहीं. म्हणून संगणकाचा तो प्रश्न आज्ञा नव्हे. त्याला ‘नाहीं’ म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि तो बजावावा.

सूनबाईनें सूचना बंद केली, संगणक रीतसर बंद करून डिस्क काढली, आणि आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. येथें माझी जुनी विद्या उपयोगी पडली. न्यायशास्त्रांत कारण निश्चित करण्याची अन्वय-व्यतिरेकाची रीत आहे. जें असतां कार्य होतें आणि जें नसतां कार्य होत नाहीं, तें त्याचें कारण. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर, एका वेळीं एकच वस्तु बदलावी, बाकी सर्व होतें तसें ठेवावें, आणि काय झालें तें लिहून ठेवावें. घाईनें केबल, पोर्ट आणि संगणक हीं तिन्ही एकदम बदललीं, तर डिस्क चालू झाली तरी दोष कोठें होता तें कळत नाहीं, आणि पुढच्या आठवड्यांत तोच दोष पुन्हां दारांत उभा राहतो.

डिस्क ‘बिघडली’ असें आपण म्हणतों तेव्हां वस्तुतः पांच अंगांपैकीं एखादें बिघडलेलें असतें : संगणकाचें पोर्ट, मधली केबल, डबींतील विजेचा पुरवठा व विद्युत्फलक, आंतील तबकडी व वाचकाग्र, आणि पांचवी ती अनुक्रमणिका. पहिलीं दोन अंगें बदलण्यास फारसा खर्च नाहीं. म्हणून तपासणी तेथून सुरू करावी. मात्र त्याही आधीं कान लावावा.

डिस्क लावल्यावर मंद, एकसारखी घरघर ऐकूं आली आणि डबीवर बोट ठेवल्यास बारीक कंप जाणवला, तर तबकडी फिरत आहे. खरखर किंवा घासल्याचा आवाज आला, तर दोरी तत्काळ काढावी. पुढील एक मिनिटही तबकडी ओरखडली जात असेल. टक्‌टक् असा ठराविक आवाज हा बहुधा वाचकाग्रास आपली जागा सांपडत नसल्याचें लक्षण. परंतु कधीं कधीं वीज कमी पडल्यानेंही तसा आवाज येतो. म्हणून चांगली आंखूड केबल लावून, संगणकाच्या मागील पोर्टमध्यें एकदांच प्रयत्न करावा. आवाज तसाच राहिला तर थांबावें. पुनःपुन्हां लावून पाहण्याचा मोह फार होतो, परंतु त्या मोहानेंच वांचण्याजोगें नष्ट होतें.

आवाज ठीक असेल तर पोर्टकडे वळावें. खिशांत मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला निराळा विजेचा प्लग नसतो. ती सर्व वीज यूएसबीच्या दोरींतूनच घेते. जुन्या, म्हणजे यूएसबी २.० जातीच्या पोर्टनें नियमाप्रमाणें ५०० मिलिअँपिअर द्यावे लागतात, आणि ३.० जातीच्या पोर्टनें ९००. स्थिर तबकडीस प्रथम गति देतांना यांतला बराचसा प्रवाह लागतो. मध्यें एकाचीं चार पोर्टें करणारा हब असेल, लांबच लांब दोरी असेल, किंवा मोठ्या संगणकाच्या पुढच्या बाजूचें सैल पोर्ट असेल, तर डिस्कपर्यंत पुरेसा दाब पोहोंचत नाहीं. मग ती अर्धवट फिरते, थांबते, पुन्हां फिरते. ‘दिसते आणि नाहींशी होते’ या तक्रारीचें मूळ पुष्कळदां येथें असतें. उपाय एवढाच कीं हब काढावा, आणि डिस्क मागच्या पोर्टमध्यें थेट लावावी. ज्या साडेतीन इंची मोठ्या डिस्कला भिंतींतून वीज देणारा स्वतंत्र अडॅप्टर असतो, तिच्या बाबतींत त्या अडॅप्टरची पिन सैल आहे काय तें पाहावें, आणि दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर केवळ पिन बसते म्हणून लावूं नये; व्होल्ट जुळले नाहींत तर विद्युत्फलक जळतो.

त्यानंतर केबल. ही वस्तु सर्वांत स्वस्त, आणि आपण तिच्याकडे पाहतही नाहीं. रोज वांकवून डबीभोंवतीं गुंडाळल्यानें तिच्या टोंकापाशींची आंतील बारीक तार तुटते. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. शेजाऱ्याकडून त्याच जातीची, चांगली चालणारी केबल मागून आणावी. नवीन अंडाकृति तोंडाच्या, म्हणजे टाइप-सी जातीच्या केबलींत कांहीं केवळ चार्जिंगपुरत्याच पुरेशा असतात, त्यांतून माहिती जात नाहीं किंवा फार मंद जाते. तेवढें ध्यानांत ठेवावें. केबल बदलूनही दोष राहिला, तर डिस्क दुसऱ्या संगणकास लावून पाहावी. तेथें ती सुरळीत चालली, तर आपल्या संगणकांत शोध घ्यावा. तेथेंही तोच दोष दिसला, तर तो डबींतच आहे.

एक गोष्ट आणखी. डिस्क फोल्डरांच्या यादींत दिसत नाहीं म्हणजे ती मेलीच, असें नव्हे. विंडोजमध्यें स्टार्टच्या खुणेवर उजवें बटण दाबलें असतां ‘डिस्क मॅनेजमेंट’ असें एक दालन उघडतां येतें. तेथें ती आपल्या योग्य आकारानिशीं दिसत असेल आणि केवळ तिला अक्षर मिळालेलें नसेल, तर अक्षर द्यावें म्हणजे काम झालें. नांवापुढें ‘रॉ’ असा शब्द असेल, तर ती अनुक्रमणिका बिघडल्याची खूण. ‘इनिशिअलाइझ करावें काय’ असें विचारलें, तर त्यासही नकारच द्यावा. आणि तेथेंही डिस्क मुळींच दिसली नाहीं, किंवा तिचा आकार शून्य दिसला, तर दोष विद्युत्फलकांत वा वाचकाग्रांत आहे असें समजून घरगुती खटपट थांबवावी.

आतां आमच्याकडे काय झालें तें सांगतों. आमची डिस्क पुढच्या पोर्टमध्यें, आणि तीही एका लांबविलेल्या दोरीनें लावलेली होती. मेज भिंतीपासून दूर ओढल्यापासून मींच ती दोरी जोडली होती. सूनबाईनें ती काढून मूळच्या केबलनें मागें लावली. या वेळीं फॉर्मॅटची सूचना आली नाहीं, फोल्डर दिसले, पण दहा मिनिटांत सर्व नाहींसें झालें. मग पुतण्यानें मित्राकडून केबल आणली. ती लावल्यावर डिस्क पाऊण तास अचल राहिली. मला फार समाधान वाटलें. अन्वय सिद्ध झाला, आतां व्यतिरेक पाहावा, म्हणून मी जुनी केबल पुन्हां लावून पाहण्यासाठीं हात पुढें केला. तेव्हां सूनबाई शांतपणें म्हणाली, “बाबा, सिद्धान्त मागाहून करूं. आजींचा आवाज आधीं उतरवून घेऊं या.”

मी हात मागें घेतला. कारण शोधण्याची रीत मला ठाऊक होती. कारण केव्हां शोधावें, हें तिला ठाऊक होतें. प्रत्येक नव्या परीक्षेंत ती दुबळी डिस्क पुन्हां एकदां थांबणार, पुन्हां एकदां फिरणार, आणि त्यांत कदाचित् कायमची बसणार. रोग्याची नाडी पाहण्याच्या नादांत त्याला दहा वेळां जिना चढावयास लावण्यासारखेंच तें झालें असतें.

दुसरी डिस्क त्याच संध्याकाळीं विकत आणली. प्रत करण्यालाही एक क्रम आहे. सर्व डिस्क एकदम उतरवावयास घेऊं नये. जें पुन्हां मिळणार नाहीं तें प्रथम घ्यावें. चित्रपट, गाणीं, कार्यक्रम हीं बाजारांत आहेत, तीं शेवटीं. म्हणून आम्ही प्रथम ओव्या घेतल्या, मग मोडी कागद, मग छायाचित्रें. बावीस फाइलींपैकीं एकोणीस बिनबोभाट उतरल्या. तीन ठिकाणीं मात्र संगणक अडखळूं लागला. तेथें न रेंगाळतां सूनबाईनें त्या वगळून पुढचें सर्व उतरविलें. मोडी कागद पूर्ण मिळाले, छायाचित्रेंही मिळालीं.

सर्व झाल्यावर डिस्कचें आरोग्यपत्रक पाहिलें. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या दोषांची नोंद स्वतःच ठेवीत असते. तिला ‘स्मार्ट’ असें नांव आहे, आणि तें दाखविणारे साधे प्रोग्रॅम फुकट मिळतात. त्यांत किती जागा निकामी ठरवून बदलल्या, आणि किती जागा वाचतां येत नाहींत म्हणून निर्णयाची वाट पाहत आहेत, हे दोन आंकडे पाहावे. शून्य असतील तर उत्तम. शून्याहून वर असतील आणि वाढत असतील, तर त्या डिस्कवर पुन्हां कांहीं ठेवूं नये. आमच्या डिस्कचा दुसरा आंकडा शून्य नव्हता. म्हणजे दोष केवळ केबलींत नव्हता. वारंवार मध्येंच वीज तुटल्यानें, आणि मीं अनेकदां ‘सुरक्षित काढा’ ही आज्ञा न देतां दोरी ओढून काढल्यानें, तबकडीवरही व्रण पडले असावेत. संगणक पुष्कळदां लिहावयाचें तें प्रथम आपल्या स्मरणांत ठेवतो आणि थोड्या वेळानें डिस्कवर उतरवितो. लेखन चालू असतां दोरी ओढणें म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताखालचा कागद ओढणें होय.

राहिलेल्या तीन फाइलींसाठीं पुतण्यानें लिनक्स प्रणालींतील ‘डीडीरेस्क्यू’ नांवाचा प्रोग्रॅम वापरला. तो मूळ डिस्कवर कांहींही लिहीत नाहीं. सुवाच्य भाग आधीं उतरवून घेतो, आणि अवघड जागांकडे मागाहून पुनःपुन्हां वळतो. तो रात्रभर चालला. सकाळीं एक फाइल पूर्ण मिळाली. दोन मिळाल्या नाहींत.

येथें कांहीं निषेध स्पष्ट सांगतों, कारण हितचिंतक फार असतात. डिस्क फ्रिजमध्यें ठेवूं नये. आंत दंव जमतें. तिच्यावर टिचक्या मारूं नयेत. दुसऱ्या डिस्कचा विद्युत्फलक काढून तिला बसवूं नये. आधुनिक डिस्कच्या फलकावर त्याच डिस्कचीं खास मापें नोंदलेलीं असतात. फाइली परत मिळवून देणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर भरूं नये, आणि मिळालेल्या फाइलीही तीवर साठवूं नयेत; हरवलेल्या अक्षरांवरच आपण नवीं अक्षरें गिरवूं. ‘चेकडिस्क’ ही विंडोजची दुरुस्तीची आज्ञा वाईट नाहीं. पण ती अनुक्रमणिका जुळविण्यासाठीं डिस्कवर लिहिते, म्हणून प्रत झाल्यावांचून ती देऊं नये. तज्ज्ञाकडे द्यावयाचें तर, मिळालें नाहीं तरी किती पैसे घेणार, हें आधीं लिहून घ्यावें. आणि आपण घरीं काय काय केलें तें लाज न धरतां सांगावें.

आतां पुढची तजवीज. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनीं रूढ केलेला एक नियम या क्षेत्रांत सर्वमान्य आहे : प्रती तीन असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. शेवटचें कलम कित्येकांस अतिरेकाचें वाटतें. सांगलीकरांस तें वाटूं नये. २०१९ नंतर जुलै २०२१ मध्येंही पाणी पुन्हां आलें होतें. एकाच कपाटांतल्या दोन डिस्क एकाच पुरांत बुडतात, आणि एकाच चोराच्या पिशवींत जातात. आम्ही एक प्रत संगणकांत, दुसरी नव्या डिस्कवर, आणि तिसरी वाईला मावशींच्या घरीं ठेविली आहे. दर तीन महिन्यांनीं, चतुर्मासारंभीं आणि दिवाळींत तर खासच, प्रत उघडून पाहावयाची, असा नेम केला आहे. कारण न उघडलेली प्रत ही केवळ श्रद्धा होय.

या नियमांत परकें असें कांहीं नाहीं. आपल्या पूर्वजांनीं वेद राखले ते एका कोठारांत ठेवून नव्हे, तर अनेक गांवीं, अनेकांच्या मुखीं ठेवून. एवढ्यावरही न थांबतां त्यांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधले, म्हणजे एकच मंत्र निरनिराळ्या क्रमानें म्हणतांना चुकलेला शब्द आपोआप पकडला जावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें झालें. तें होऊं शकलें, याचें कारण काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या लिप्यांत त्या ग्रंथाच्या प्रती कोणी कोणी लिहून ठेवल्या होत्या. एका पोथींत जें वाळवीनें खाल्लें, तें दुसरींत सांपडलें. ही गोष्ट मीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल! आणि घरीं मात्र दुसरी डिस्क घेण्यास नको म्हणालों.

श्राद्धाच्या दिवशीं जेवणें झाल्यावर सर्वजण माजघरांत बसलों, आणि वीस फाइली क्रमानें लावल्या. मावशी वाईहून आल्या होत्या. त्यांचें वय आतां शहाऐंशी. ज्या दोन फाइली गेल्या, त्यांतल्या ओव्या कोणत्या, हें सूनबाईच्या वहींत पहिल्या चार शब्दांपुरतें टिपलेलें होतें. तिनें ते चार शब्द वाचून दाखविले. मावशींनीं डोळे मिटले, क्षणभर थांबल्या, आणि दोन्ही ओव्या अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखविल्या. त्याच माहेरच्या जात्यावर दोघी बहिणी बसलेल्या! शब्द परत मिळाले. आवाज मात्र मावशींचा होता, आईचा नव्हता. सूनबाईनें तो मुद्रित करून घेतला, आणि या वेळीं मला न विचारतां तिन्ही ठिकाणीं ठेवला.

जुन्या केबलीची परीक्षा मीं दुसऱ्या दिवशीं एका रिकाम्या डिस्कवर केली. दहा मिनिटांत ती डिस्क नाहींशी झाली. व्यतिरेक सिद्ध झाला. ती केबल मी ‘सदोष’ अशी चिठ्ठी लावून खणांत ठेवणार होतों, पण सूनबाईनें ती कात्रीनें मधोमध कापून टाकली. चिठ्ठी गळून पडते, आणि पुढें कोणीतरी तीच केबल पुन्हां लावतो, असें ती म्हणाली. वाचकांनीं ही शेवटची सूचनाही पदरीं बांधावी. आणि हें पान मिटण्यापूर्वीं घरांतली ती काळी डबी कोठें आहे, तींत जें आहे त्याची दुसरी प्रत कोणाकडे आहे, एवढें आजच पाहून ठेवावें.